वाजायची पेटी, वाचायची पेटी

आमच्या लहानपणी घरात दोन पेट्या होत्या, एक वाजायची आणि एक वाचायची. वडील ओसरीवरून हाक मारायचे, "पेटी आणा गं," आणि आम्ही आतून विचारायचो, "वाजायची का वाचायची?" वाजायची म्हणजे हार्मोनियम. वाचायची म्हणजे वचनांची पेटी, वीतभर लांब, सागवानी, पितळी कडीची. वाजायच्या पेटीचं जुनं झाकण वाळवीनं खाल्लं, तेव्हा त्यातली धड उरलेली फळी कापून वडिलांनी ती बनवली होती. आता वाजायची माझ्या धाकट्या भावाकडे आहे आणि वाचायची माझ्याकडे.

वचनांची पेटी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण नारायणगावात मला अजून लोक विचारतात, "बाई, तुमच्या चर्चमधी सोडत काढत्यात म्हणं?" सोडत नाही हो. आमची मंडळी छोटी, चाळीसेक घरांची. एक जानेवारीला सकाळच्या उपासनेत प्रत्येक जण पुढे येतो, पेटीतली एक सुरळी उचलतो, दोरा सोडतो आणि मोठ्यानं वाचतो. त्यावर शास्त्रातली एक ओळ असते. ते त्याचं वर्षभराचं वचन. बाकीचे आमेन म्हणतात. चिठ्ठी बदलून मिळत नाही, हा आमच्या वडिलांनी घातलेला नियम. एका वर्षी त्यांच्याच वाट्याला रागाला आवर घालायचं वचन आलं, आणि त्या वर्षी आमची आई त्यांना ऊठसूट ती चिठ्ठी दाखवायची.

वडील गेल्यापासून चिठ्ठ्या मी लिहिते. माझं अक्षर चांगलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत सारा जन्म फळा घासला, त्याचं तेवढं तरी फळ. डिसेंबरात दुपारी चष्मा लावून बसायचं, कागदाच्या पट्ट्या कापायच्या, शास्त्र उघडायचं आणि गोड गोड वचनं उतरवायची. भिऊ नको. मी तुझ्याबरोबर आहे. तुझे डोळे मी पुसीन. कुणाच्या वाट्याला काय येईल सांगता येत नाही, मग उगाच कडू कशाला लिहा, असा माझा हिशेब. त्यात काही खोट आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

धाकटा माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. तो नऊ वर्षांचा असताना आई गेली. जाताना माझा हात धरून म्हणाली, "याला अंतर देऊ नको." मी वचन दिलं. शास्त्रातल्या ओळीलाही वचन म्हणतात आणि दिलेल्या शब्दालाही, पण या दुसऱ्या वचनाची चिठ्ठी नसते, ते नुसतं लक्षात ठेवावं लागतं. मी त्याला वाढवला, शिकवला, फटकेही दिले. आता तो चव्वेचाळीस वर्षांचा आहे, हायवेजवळ त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींवरच्या मोटारी त्याच्या हाताखालून गेल्यात. आणि बाराव्या वर्षापासून दर रविवारी तो चर्चमध्ये पेटी वाजवतो. बोटांना तांब्याच्या तारेचे चरे असतात, पण पेटीवर ठेवली की मऊ होतात.

दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याचा जोडीदार राहतात. जोडीदार मेंढरं राखणाऱ्या घरातला, स्वतः पिकअप चालवतो, टोमॅटोच्या जाळ्या मार्केटात पोचवतो. बोलणं कमी, हसणं जास्त. धाकट्यानं मला दहा वर्षांपूर्वी घाम पुसत पुसत सगळं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "अरे, मागच्या बाकावर कोण कुणाला खोडरबर देतं तेसुद्धा मला कळायचं. तू मला काय सांगतोस. चहा घे." खरं सांगायचं तर त्या रात्री मी रडले. नंतर नाही रडले, कारण तो सुखात होता आणि ते दिसत होतं.

हे सगळं असंच चाललं असतं. पण आमच्या वडील पंचांनी धाकट्यासाठी स्थळ आणलं.

पंच म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी पाच माणसं, आणि वडील पंच त्यांच्यातले थोरले. द्राक्षं, टोमॅटो, दहा-बारा गाई, असा मोठा बारदाना. माणूस तोंडानं फटकळ, मनानं मोकळा. आमचे वडील गेले तेव्हा ही वाजायची पेटी पावसात भिजू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या घोंगडीत गुंडाळून नेली होती. त्यांच्या पुतणीचं लग्न जमत नव्हतं. त्यांना वाटलं, पेटीवाला अजून सडा आहे, कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे. काहीतरी थाप मारून सुटता आलं असतं. धाकट्यानं तसं केलं नाही. तो म्हणाला, "काका, पोरीचं वाटोळं करू कशाला? मला बाईशी संसार जमायचा न्हाई. माझा जोडीदार हाय, तुमी वळखता त्याला." खरं बोलला आणि अडकला.

पुढच्याच आठवड्यात पंचांची बैठक झाली. वडील पंचांनी जुन्या करारातलं लेवीय हे पुस्तक काढलं, पुरुषानं पुरुषाशी संग करू नये अशी अठराव्या अध्यायातली एक ओळ आणि विसाव्यातली एक ओळ वाचली, आणि असा माणूस मंडळीपुढे पेटीवर बसू शकत नाही असं ठरवायला घेतलं. आमचे पाळकसाहेब तीन मंडळ्या सांभाळतात, भांडण दिसलं की डोळे मिटतात. ते म्हणाले, प्रार्थना करू या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की नाताळ तोंडावर आलाय, गाण्यांचा सराव चाललाय आणि दुसरा पेटीवाला नाही. तेव्हा ठरलं, की नाताळ आणि एक जानेवारी होऊ द्यायची आणि पक्का निर्णय फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी घ्यायचा. म्हणजे पाप फेब्रुवारीपर्यंत चालणार होतं.

मी हे ऐकून भडकले. धाकटा मात्र शांत. "जाऊ दे अक्का," तो म्हणाला, "पुण्यात दुकान टाकू. तिथं कोन इचारत न्हाई." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. रागावलेला माणूस परत येतो, हा सामान बांधून जाणारा होता. त्यानं भोसरीकडे एक गाळा बघून ठेवलाय, हे मला त्याच्या जोडीदारानं हळूच सांगितलं. पेटी गेली की हा जाणार. आणि हा गेला की या वयात मी रविवारी कुणासाठी रस्सा करायचा?

मग मी वडील पंचांच्या मळ्यात गेले. ते टोमॅटोत उभे होते. प्लॉट देखणा, सरी काढलेल्या, मांडव तारांनी ताणलेले, आणि मधूनमधून झेंडूची एकेक ओळ. मी विचारायच्या आत त्यांनी मला झेंडूचं शास्त्र सांगितलं, की अळी झेंडूकडे जाते आणि टोमॅटो वाचतो. मी म्हटलं, "दादा, मी झेंडूचं ऐकायला आले न्हाई."

मी शाळेत पोरांना 'होतं' आणि 'नाही' शिकवलं, पण तापले की माझंही 'व्हतं' आणि 'न्हाई' होतं.

"बाई, रागावू नका," ते म्हणाले. "शास्त्र आमी लिवलं न्हाई, आमी नुसतं वाचतो."

"वाचता कुठं? दोन ओळी वाचता. विसाव्यातली तर अर्धीच वाचलीत. पुढं त्यांना जिवं मारा असं आहे, ते का न्हाई वाचलंत?"

ते जरा चपापले. "तो काळ येगळा व्हता."

"मग ओळीच्या मधोमध काळ बदलला व्हय?"

त्यांनी एक पिवळं पान खुडलं. मग म्हणाले, "पौलानंबी लिवलंय, बाई. नव्या करारात हाय."

"पौलानं बायकांनी मंडळीत गप बसावं असंबी लिवलंय. आणि संडे स्कूल मी शिकवते, ते तुमीच गळ्यात घातलंय माझ्या."

मला वाटलं जिंकले. पण वडील पंच म्हणजे कच्च्या गुरूचे चेले नव्हेत. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि शांतपणे म्हणाले, "बाई, इतकी वर्सं तुमी चिठ्ठ्या लिवता. कधी शापाचं वचन लिवलं? कधी कडक आज्ञा लिवली? सगळं गोडगोड. आमी दोन वळी निवडल्या तर तुमी मळ्यात येऊन भांडता. तुमी तर उभा जलम निवडतच आलाय."

मी पाय आपटत घरी आले. बोलणं खरं होतं म्हणून जास्त झोंबलं. तिसऱ्या दिवशी दुपारी लेवीय उघडून बसले. अठरावा वाचला, विसावा वाचला आणि मग मधला, त्यांनी वगळलेला एकोणिसावा.

एकटी बाई स्वयंपाकघरात मोठ्यानं हसते हे शेजारच्या सुनेनं ऐकलं आणि ती डोकावून गेली. काय नव्हतं त्या अध्यायात. शेतात दोन जातींचं बी पेरू नका. जनावरांचा दुसऱ्या जातीशी संकर करू नका. दोन जातींच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नका. दाढीच्या कडा कोरू नका. अंगावर गोंदू नका. माझ्या डोळ्यापुढे झेंडू आला, त्यांच्या गोठ्यातल्या संकरित गाई आल्या, त्यांचा रविवारचा टेरिकॉटचा सदरा आला. आणि दोन बियांच्या बरोबर वरच्या ओळीत काय होतं, तर शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. हे वचन मी दर वर्षी पेटीत टाकते. पण ते मला शुभवर्तमानातलं म्हणून पाठ, ते मुळात या पानावर आहे याचा मला पत्ताच नव्हता.

ठीक आहे म्हटलं. निवडू नका म्हणता ना, मग यंदा येऊ द्या सगळंच. नेहमीच्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि त्यांत पाच चिठ्ठ्या त्या पानावरच्या घातल्या: बियांची, गाईंची, कापडाची, दाढीची, गोंदण्याची. तसाच कागद, तसाच लाल दोरा. इतका आनंद मला पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता.

एक जानेवारीला चर्च भरलं होतं. धाकटा पेटीवर. त्याचा जोडीदार नेहमीसारखा बाहेर कट्ट्यावर, पिकअपवर नजर ठेवून. चिठ्ठ्यांना सुरुवात झाली. पाळकसाहेबांना दाढीची आली. ते नाताळच्या आधी नारायणगावात जाऊन दाढी छान कोरून आले होते. त्यांनी वाचलं, थांबले, परत वाचलं आणि अगदी हळू आमेन म्हणाले. गाईंची चिठ्ठी डेअरीवाल्याला गेली, कापडाची कापडदुकानदाराच्या आईला. आणि बियांची गेली वडील पंचांच्या बायकोला. तिनं खणखणीत वाचली आणि पुरुषांच्या बाजूला वळून नवऱ्याला म्हणाली, "आवं, आयकलं का? झेंडू उपटा म्हणतंय."

चर्च हसून लोटपोट झालं. वडील पंच हसले नाहीत. त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. माझं अक्षर त्यांना कुठंही ओळखता आलं असतं. त्यांची स्वतःची चिठ्ठी निघाली ती शांतीची, माझ्या मनासारखं काही नाही. पण मला तेवढ्यानंही गुदगुल्या होत होत्या.

मग आजी उठली. ही आजी तळेघरच्या बाजूची. मी नवी मास्तरीण म्हणून त्या डोंगरात गेले तेव्हा तिच्याच घरात राहिले होते. तिनं मला नाचणीची भाकरी थापायला शिकवली, आजारपणात माझं डोकं चेपलं. लिहिता-वाचता येत नाही. वर्षातून दोनदा, एक जानेवारीला आणि ईस्टरला, ती एवढ्या लांब येते. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण आहे, लहानपणी आईनं करून घेतलेलं. बाप्तिस्म्याच्या वेळी कुणा शहाण्यानं तिला सांगितलं होतं, की हे पुसता आलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हापासून भर उन्हाळ्यातही ती चर्चमध्ये लांब बाह्यांचा ब्लाउज घालून, वर पदर ओढून बसते. हे सगळं मला माहीत होतं. चिठ्ठ्या लिहिताना एकदाही आठवलं नाही.

तिनं पेटीत हात घातला आणि मला एकदम आठवलं की चार निघाल्या, गोंदण्याची राहिली. मी मनात म्हटलं, नको, प्रभू, ती नको.

तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती वाजायच्या पेटीला टेकूनच बसते, आणि तिची चिठ्ठी दर वर्षी धाकटाच वाचतो. त्यानं दोरा सोडला. त्याच्या भुवया वर गेल्या, तेवढ्यात मला कळलं. मी अर्धी उठले. पण उठून काय सांगणार होते, की ही चिठ्ठी मी दुसऱ्या कुणाला मारायला लिहिली होती?

धाकट्यानं कागदावरची नजर काढली नाही. तिच्या कानाशी वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "देवानं तुझं नाव आपल्या तळहातावर गोंदलंय."

आजीनं विचारलं, "काय केलंय?"

"गोंदलंय, आजी. तुझ्या हातावर हाय ना, तसं. त्याच्या हातावर तुझं नाव."

मग तिनं एका हाताची बाही कोपरापर्यंत वर सारली, स्वतःचं गोंदण उलटसुलट करून पाहिलं आणि आमेन म्हणाली. चिठ्ठी त्याच्या हातातून घेऊन कमरेच्या चंचीत घातली. मंडळीही आमेन म्हणाली. मी अजून तशीच अर्धी उभी होते. ते वचन शास्त्रात आहे, संदेष्ट्याच्या पुस्तकात आहे. पण त्या वर्षी मी ते लिहिलंच नव्हतं. आणि शास्त्रात 'कोरलं' असं आहे. 'गोंदलं' हा धाकट्याचा शब्द.

जेवणं झाल्यावर मी त्याला नळापाशी गाठलं. तो ताट धूत होता. "अक्का," तो म्हणाला, "अक्षर तुझं व्हतं."

"माझंच. दादांसाठी लिहिली होती."

"मला काय करायचं व्हतं मग? म्हातारीला सांगू, तुझं हात पापी हायेत म्हणून?" त्यानं ताट झटकलं. "माझ्यासाठी भांडतीस ते कळतं गं. पर तू फेकलेलं कुठं लागलं बघ."

मला जन्मात कुणी इतकं हळू आवाजात रागावलं नसेल. मी आजीला शोधायला धावले, पण ती घोडेगावच्या जीपनं निघून गेली होती. चिठ्ठी तिच्या चंचीत, माझ्या सुवाच्य अक्षरात. आज ना उद्या कुणीतरी शाळकरी नात, कुणीतरी आशाताई ती तिला खरी वाचून दाखवणार. आमचा नियम, की चिठ्ठी बदलून मिळत नाही. मी म्हटलं, खड्ड्यात गेला नियम, आणि त्याच दुपारी तळहाताचं वचन नव्या कागदावर लिहून पर्समध्ये ठेवलं.

संधी जानेवारीच्या शेवटी आली. भात झोडून झालं की आजी दर वर्षी घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवते आणि मंडळीतली आठ-दहा माणसं वर जातात. फेब्रुवारीचा पहिला रविवार आठवड्यावर आला होता. भोसरीच्या गाळ्याचं धाकट्यानं पक्कं केलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. तळेघरला एसटी मोजक्याच, म्हणून सगळ्यांनी पिकअपमध्ये जायचं ठरलं. आणि वडील पंचांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना पुढे, धाकट्याच्या जोडीदाराशेजारी बसावं लागलं.

मागे हौद्यात पेटी मांडीवर घेऊन आम्ही काचेतून पाहत होतो. मंचरपर्यंत दोघं सरळ समोर बघत होते. घोडेगावला वडील पंचांनी काहीतरी विचारलं. डिंभ्याच्या पुढं घाट लागला तोवर हातवारे सुरू झाले होते. उतरल्यावर मला कळलं, की जोडीदाराच्या भावाची मेंढरं यंदा वडील पंचांच्या मळ्यात खतासाठी बसवायची का आणि किती दिवस बसवायची यावरून घासाघीस चालली होती. वडील पंच मला म्हणाले, "पोरगं चिकट हाय, पर शब्दाचं दिसतंय." माझं सगळं लक्ष आजीच्या चंचीवर होतं.

आजी दारात उभी होती. तोकड्या बाह्यांचा ब्लाउज, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात उघडे. चाळीस वर्षांत मी तिला प्रार्थनेच्या दिवशी अशी पाहिली नव्हती. माझ्या गालावरून तेच हात फिरवत म्हणाली, "बाय, बघ माझं हात." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. चुलीपाशी मी तिला गाठलं, "आजी, तुझी चिठ्ठी दे गं जरा," असं म्हणून पर्स उघडली. पण ती म्हणाली, "आत्ता न्हाई. आधी साह्यबांकडून वाचून घ्यायची हाय. मोठ्या मान्साच्या तोंडून आयकायची हाय मला." आणि भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून ती बाहेर गेली.

सगळे घोंगडीवर बसले होते. धाकट्यानं पेटी पुढ्यात ओढून घेतली होती, पण उघडली नव्हती. त्याचा जोडीदार दाराबाहेर चपलांपाशी. आजीनं चंचीतून चिठ्ठी काढली, पिठाची बोटं तिला लागली, आणि ती वडील पंचांच्या हातात दिली. "वाचा, साह्यब. माझं औंदाचं वचन."

माझी नवी चिठ्ठी मुठीत होती. आता काही उपयोग नव्हता.

वडील पंचांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून धोतराला पुसला, परत लावला, परत वाचलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेतून सुटका नव्हती. मग धाकट्याकडे पाहिलं. एक जानेवारीला हा माणूस या कागदावरून काय वाचत होता, ते त्यांना त्या क्षणी कळलं असणार. धाकटा खाली बघत होता. खरं वचन वाचायची याहून चांगली वेळ त्यांना मिळाली नसती. कागदावर आज्ञा होती, त्याच पुस्तकातली, त्यांच्या दोन ओळींच्या मधली. नुसतं वाचायचं होतं. आजी त्यांच्यापुढे उभी होती, पिठाचे हात पुढे करून, कोपरापर्यंत निळी.

घसा साफ करून वडील पंच म्हणाले, "देवानं तुझं नाव आपल्या तळहातावर गोंदलंय."

'कोरलं' नाही म्हणाले. गोंदलंय म्हणाले.

"आमेन म्हणा की," ते आमच्यावर खेकसले. आम्ही म्हटलं. त्यांनी चिठ्ठीची नीट घडी करून आजीला परत दिली, आणि म्हणाले, "आजी, ही आता कुनाला वाचाया देऊ नको. इचारलं तर सांग, वडील पंचांनी वाचलीय." मग दाराकडे बघून म्हणाले, "आरं, तू भायेर काय चपला राखतो का? आत ये, बस." आणि चष्मा खिशात घालत धाकट्याला म्हणाले, "दे सूर. काळी दोन. आन् पहिल्या रविवारी येळेवर ये, मागल्या टायमाला उशीर केलतास."

धाकट्यानं पेटीचा भाता सोडला.